गॅलरीतलं ऊन: मैदानावरच्या प्रेक्षकांना सावली आणि गारवा कसा द्यायचा

शेडनेट ताणून झालं तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. पूर्वेकडच्या गॅलरीच्या सातही पायऱ्यांवर इतकी घट्ट सावली पडली होती की कापड बांधणारी पोरं तिथंच पाठ टेकून आडवी झाली. आम्हीही कमरेवर हात ठेवून कौतुकानं बघत राहिलो. सामना साडेतीनला सुरू झाला. चारच्या सुमारास चक्कर मारली तर खालच्या पाच पायऱ्या लख्ख उन्हात, वरच्या दोन पायऱ्यांवर सावलीचा जेमतेम पट्टा, आणि उरलेली सगळी सावली गॅलरीच्या मागे, जिथं मोटारसायकली लावल्या होत्या. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. त्या दिवशी गाड्यांच्या सीट तेवढ्या थंडगार राहिल्या.

चूक कापडाची नव्हती, आमच्या घड्याळाची होती. सावली ही जागेइतकीच वेळेची गोष्ट आहे. पुढची सगळी तयारी याच एका प्रश्नावर उभी आहे: अमुक वाजता, अमुक ओळीतल्या माणसाच्या डोक्यावर काय असेल?

पायरी १: ऊन कागदावर उतरवा

मैदानाचा साधा नकाशा घ्या. दिशा, गॅलऱ्या, प्रत्येक गॅलरीच्या ओळी, दारं, तिकीट खिडक्या, स्वच्छतागृहं, गाड्यांची जागा असं सगळं त्यावर दाखवा. नकाशा सुबक नसला तरी चालेल, पण उत्तर दिशा मात्र बरोबर हवी.

खेळाची मैदानं शक्यतो उत्तर-दक्षिण लांब आखतात. कलत्या उन्हाची तिरीप गोलरक्षकाच्या किंवा फलंदाजाच्या थेट डोळ्यांत जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. त्यामुळे लांबीच्या बाजूच्या गॅलऱ्या पूर्वेला आणि पश्चिमेला येतात. दुपारनंतर पश्चिमेच्या गॅलरीतला माणूस सूर्याकडे पाठ करून बसतो, म्हणून छप्पर आणि मागची भिंत दोन्ही त्याच्या कामी येतात. समोर पूर्वेला बसलेला माणूस तेच ऊन तोंडावर घेतो. मुख्य गॅलरी बऱ्याच ठिकाणी पश्चिमेला असते ती उगाच नाही.

आता मोजमाप. सामन्याच्या आदल्या आठवड्यात, त्याच वेळेला, मैदानात एक मीटरची सरळ काठी उभी धरा आणि तिची सावली मोजा. सावली एक मीटर भरली तर सूर्य ४५ अंशांवर आहे. सुमारे ०.६ मीटर भरली तर ६० अंशांवर, १.७ मीटर भरली तर ३० अंशांवर, आणि पावणेतीन मीटर भरली तर २० अंशांवर. कापडाची सावलीही याच हिशेबानं सरकते. डोक्याच्या चार मीटर वर कापड असेल आणि सूर्य ३० अंशांवर असेल, तर सावली जवळजवळ सात मीटर पलीकडे पडते. सात मीटर म्हणजे आठ-नऊ ओळी. आमच्या मोटारसायकलींना सावली कशी मिळाली, ते यावरून समजेल.

सूर्य आकाशात तासाला १५ अंश सरकतो, म्हणून अर्ध्या-अर्ध्या तासानं मोजणी करा. प्रत्येक मोजणीला सावलीची कड कुठल्या पायरीवर आहे ते खडूनं आखा आणि शेजारी वेळ लिहा. सूर्याची दिशा आणि उंची दाखवणारी मोबाइल ॲप आहेत, तीही वापरा. पण मागची टाकी, शेजारची इमारत, फलकाचा खांब यांची सावली खडूच पकडतो. आणि ही मोजणी जुनी वापरू नका. मार्च आणि सप्टेंबरच्या शेवटी सूर्याची मध्यान्हीची उंची दिवसाला साधारण ०.४ अंशांनी बदलते, म्हणजे महिन्याभरात बारा अंशांच्या आसपास. एवढ्यानं ओळीच्या ओळी सावलीतून उन्हात जातात.

या कामातून हाती येतो तो ‘ऊन-नकाशा’: कोणती ओळ किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत उन्हात आहे याचा तक्ता. तिकीटविक्रीच्या आधी तो तयार असेल तर अर्धी लढाई फुकटात जिंकता येते. लहान मुलं, वयस्कर माणसं, गरोदर बायका, शाळांचे गट यांना सावलीच्या ओळी द्या, सलग तीन तास उन्हात राहणाऱ्या ओळी विकूच नका. जागा कमी भरल्या तरी चालतील. रिकाम्या ओळीला भोवळ येत नाही.

पायरी २: तापमान मोजा, पण योग्य यंत्रानं

मोबाइलवर दिसणारं तापमान सावलीतल्या हवेचं असतं. गॅलरीतल्या माणसाला हवा, ऊन, दमटपणा आणि वारा हे चारही एकदम लागतात. ते एका आकड्यात धरण्यासाठी वेट बल्ब ग्लोब तापमान वापरतात. अमेरिकेच्या मरीन दलातले नवे जवान सरावात उष्माघातानं कोसळत होते, तेव्हा १९५० च्या दशकात ही पद्धत बसवली गेली. यात तीन तापमापक लागतात: एकाच्या टोकाला ओलं फडकं, दुसरा काळ्या पोकळ गोळ्यात, तिसरा साधा सावलीतला. उघड्यावरचं सूत्र असं: ओल्या फडक्याच्या तापमानाचे ०.७, काळ्या गोळ्याचे ०.२ आणि हवेचे ०.१ भाग घ्यायचे आणि बेरीज करायची.

नमुन्यादाखल आकडे घेऊ. उन्हात ओलं फडकं २७, काळा गोळा ५०, हवा ३६. बेरीज ३२.५. आता तेच यंत्र चांगल्या सावलीत नेलं आणि गोळा ३९ वर, फडकं २६ वर आलं, तर बेरीज २९.६. हवा तसूभरही गार झालेली नाही, तरी शरीरावरचा ताण तीन अंशांनी उतरला. सावलीवर मी इतका भर का देतो, ते या वजाबाकीत आहे. शांत बसलेल्या माणसाचं शरीर साधारण १०० वॉट उष्णता तयार करतं, आणि भर दुपारचं ऊन त्याच्या अंगावर तितकीच किंवा त्याहून जास्त उष्णता आणून टाकतं. ती आधी अडवा, मग पंख्यांचं बघू.

हातात मावणारं यंत्र मिळतं, तेवढं पुरतं. मात्र ते प्रेक्षकांच्या ओळीत, बसलेल्या माणसाच्या छातीच्या उंचीवर धरा. मैदानाच्या मधोमध किंवा कार्यालयाच्या ओसरीवर घेतलेल्या नोंदीचा उपयोग नाही.

फिफाच्या स्पर्धांत हा आकडा ३२ च्या वर गेला की खेळाडूंसाठी पाणी पिण्याचा खास थांबा घेतात. हा आकडा जसाच्या तसा प्रेक्षकांना लावू नका. खेळाडू तरुण, कसलेले आणि डॉक्टरच्या नजरेखाली असतात. गॅलरीत सत्तरीचे आजोबा असतात, रक्तदाबाची गोळी घेतलेले असतात, रात्रभर प्रवास करून आलेले असतात. माझी स्वतःची रीत अशी: गॅलरीतला आकडा २८ झाला की सूचना आणि पाणीवाटप सुरू, ३० ला रिकाम्या सावलीच्या जागा सर्वांना खुल्या, ३२ ला सामना पुढं ढकलण्याची बोलणी. हे आकडे सामन्याआधी कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. भर सामन्यात खच्चून भरलेल्या गॅलरीसमोर असा निर्णय नव्यानं घेणं फार अवघड जातं.

पायरी ३: वेळ बदलता येते का ते आधी विचारा

कापड, पंखे, फवारे या सगळ्यांपेक्षा वेळ बदलणं स्वस्त पडतं, तरी ते सर्वांत शेवटी सुचतं. कतारनं २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकासाठी आठपैकी सात मैदानांवर थंड हवेची यंत्रणा बसवली होती. तरीही स्पर्धा नेहमीच्या जून-जुलैतून उचलून नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये न्यावी लागली.

हवेचं तापमान ऐन बाराला शिखरावर नसतं, ते बहुधा तीन-चारच्या सुमारास असतं. म्हणजे तीनला सुरू होणारा सामना तापलेली हवा आणि तिरपं ऊन दोन्ही एकदम ओढवून घेतो. दीड-दोन तास उशिरा सुरुवात केली तर पूर्वेच्या गॅलरीला ऊन लागतं खरं, पण थोडाच वेळ, आणि त्याचा जोरही ओसरलेला असतो. दिव्यांची सोय नसेल तर सकाळी लवकर.

रात्र झाली की सगळं मिटलं असंही समजू नका. २०१९ मध्ये दोह्याला जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धेत महिलांची मॅरेथॉन मध्यरात्री सुरू केली होती. तरी ६८ पैकी २८ धावपटूंनी ती अर्ध्यात सोडली, कारण दमट हवेत घाम वाळत नव्हता. काँक्रीटच्या पायऱ्याही दिवसभर प्यायलेली उष्णता संध्याकाळी ओकत राहतात. सूर्य मावळल्यावर पायरीला हात लावून पाहा.

पायरी ४: सावली उभारा

ही कला जुनी आहे. रोमच्या कोलोसियमवर प्रेक्षकांसाठी कापडी छत ओढत असत. त्यासाठी वरच्या मजल्याला बाहेरून २४० डोलकाठ्यांची सोय होती आणि दोर सांभाळायला आरमारातले खलाशी नेमलेले होते. मला यातले खलाशी महत्त्वाचे वाटतात. कापड बाजारात कुणालाही मिळतं, दोर जाणणारी माणसं मात्र शोधावी लागतात. मंडपाचं काम केलेला जाणता माणूस आणि बांधकाम अभियंता या दोघांशिवाय गॅलरीवर काहीही चढवू नका.

कापड कोणतं? माणसांसाठी ८० ते ९० टक्के सावली देणारं विणलेलं शेडनेट घ्या. शेतात रोपांवर वापरतात ते ५० टक्क्यांचं कापड स्वस्त असतं आणि दिसायला सारखंच, पण त्याखाली अर्धं ऊन डोक्यावर येतंच. विणलेल्या कापडाच्या भोकांतून वर चढणारी गरम हवा निघून जाते. ताडपत्री सावली पूर्ण देते, पण तिच्याखाली हवा कोंडते आणि तासाभरात भट्टी होते. ताडपत्रीच हाताशी असेल तर दोन पट्ट्यांमध्ये हातभर फट सोडा आणि एक पट्टी दुसरीपेक्षा उंच बांधा, म्हणजे फटीतून गरम हवा निघेल आणि ऊन येणार नाही. आग पटकन न धरणारं, तसं प्रमाणपत्र असलेलंच कापड घ्या. १९८५ मध्ये इंग्लंडात ब्रॅडफर्डच्या मैदानावर लाकडी गॅलरीला आग लागून ५६ माणसं गेली. त्या आगीला गॅलरीखाली साठलेला कचरा कारण झाला होता. म्हणून कापड चढवायच्या आधी गॅलरीखालचा कचरा काढा.

कापड किती उंच? इथं ओढाताण आहे. उंच बांधलं तर हवा खेळती राहते, पण सावली लांब सरकते. खाली बांधलं तर सावली जागेवर राहते, पण मागच्या ओळीला समोरचं दिसत नाही. उपाय ऊन-नकाशात सापडतो: कापड सपाट न बांधता सूर्याच्या बाजूला उतरतं बांधायचं. पूर्वेच्या गॅलरीसाठी कापडाची मैदानाकडची कड पुढं काढा आणि खाली आणा, इतकी की सर्वांत वरच्या ओळीतल्या माणसाला समोरची सीमारेषा आणि उंच उडालेला चेंडू दिसेल, त्याहून खाली नाही. पश्चिमेच्या गॅलरीला पाठीमागून उभं कापड लावलं तरी काम होतं, तिथं कुणाची नजर अडत नाही. सूर्य २० अंशांच्या खाली उतरला की मात्र समोरून येणारं ऊन कुठलंच छप्पर अडवत नाही. तिथं टोपी आणि वेळ या दोनच गोष्टी उरतात.

वाऱ्याचा हिशेब करायचा राहिला तर सावली जिवावर बेतते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी ३६ किलोमीटरच्या वाऱ्यात पूर्ण बंद कापडावर दर चौरस मीटरला ढोबळमानानं सहा किलोंचा दाब येतो, ७२ किलोमीटरला चोवीस किलोंचा. दहा बाय दहा मीटरच्या ताडपत्रीवर हा भार जवळजवळ अडीच टन भरतो, आणि तो ओढून धरतात ती चार टोकं. शेडनेटवर तो कमी असतो, पण असतो. म्हणून दोर गॅलरीच्या कठड्याला बांधू नका. कठडा माणसांच्या रेट्यासाठी असतो, शिडासाठी नसतो. कापड पाच-दहा मिनिटांत सुटून खाली येईल अशी गाठ हवी, आणि वारा वाढला की ते कुणी सोडायचं त्याचं नाव ठरलेलं हवं.

कायमचं छप्पर असलेल्यांनी निर्धास्त राहू नये. उघडा पत्रा भर उन्हात ६० अंशांच्या पुढं तापतो आणि ती धग खाली बसलेल्यांच्या डोक्यावर उतरते. पत्र्याला वरून पांढरा परावर्तक रंग द्या, आणि जमेल तर खालून दुसरा थर देऊन मध्ये हवेची पोकळी ठेवा. पारदर्शक छप्पर सुंदर दिसतं, पण त्याची गंमत वेगळी आहे. म्युनिकच्या १९७२ च्या ऑलिंपिक मैदानाला ॲक्रिलिकचं पारदर्शक छप्पर घातलं, कारण टीव्हीच्या कॅमेऱ्यांना मैदानावरची गडद सावली नको होती. कॅमेऱ्याला हवं ते आणि प्रेक्षकाला हवं ते कधीकधी असं उलट असतं. जुन्या मैदानाला नंतरही सावली देता येते. मायामीच्या हार्ड रॉक स्टेडियमवर २०१६ मध्ये गॅलऱ्यांपुरतं छत चढवलं आणि मधलं मैदान उघडंच ठेवलं.

पायरी ५: दाराबाहेरची रांग

गॅलरीचं सगळं नीट करून माणसं तरीही कोसळतात, आणि अनेकदा ती आत येण्याआधीच तापलेली असतात. गाडी लांब लावलेली, अर्धा तास चाल, मग तपासणीच्या रांगेत पाऊण तास, डांबरावर, उन्हात, पुढच्याच्या पाठीला चिकटून. जागेवर पोचेपर्यंत घामाच्या धारा लागलेल्या असतात आणि पाणी संपलेलं असतं.

रांगेचा हिशेब करा. एका दारातून मिनिटाला दहा माणसं तपासून आत जात असतील आणि सामन्याआधीच्या तासाभरात दहा हजार येणार असतील, तर सतरा दारं लागतील. तुमच्याकडे आठ असतील तर दुसरा उपाय नाही, सव्वादोन तास आधी दारं उघडा. लवकर येणाऱ्यांसाठी आत सावली आणि पाणी तयार ठेवा, नाहीतर बाहेरची रांग फक्त आत हलते. रांगेच्या वाटेवर कापडी मांडव घाला. इथं नजर अडण्याचा प्रश्नच नाही, त्यामुळे कापड खाली आणि बाजूनं कसंही लावता येतं. हाताशी थोडंच कापड असेल तर मी ते गॅलरीआधी रांगेवर घालीन.

पायरी ६: पाणी

पहिलं काम नियम बदलण्याचं. सुरक्षेच्या नावाखाली पाण्याची बाटली दारावर काढून घ्यायची आणि आत तीच विकत घ्यायला लावायची, हा प्रकार उन्हाळ्यात जिवाशी खेळ आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्राझीलच्या रिओ द जानेरोमध्ये एका फुटबॉल मैदानावर भर उष्णतेच्या लाटेत गाण्याचा कार्यक्रम होता. तिथं एका तरुण प्रेक्षक मुलीचा मृत्यू झाला. बाहेरून पाणी आणायला मनाई असल्याच्या तक्रारी झाल्या, आणि लगेच सरकारनं अशा कार्यक्रमांत पाण्याच्या बाटल्या आत नेऊ देण्याचा आदेश काढला. फेकून मारण्याची भीती असेल तर झाकण काढून घ्या, मऊ प्लॅस्टिकची रिकामी बाटली आत येऊ द्या, पण आत फुकट पाणी ठेवा.

किती ठेवायचं? वीस हजार माणसं, तासाला अर्धा लिटर, तीन तास: तीस हजार लिटर. हा आकडा ऐकून आयोजक दचकतात, पण खरी अडचण पाण्याची नसते, नळांची असते. एक बाटली भरून माणूस बाजूला व्हायला वीस सेकंद धरा, म्हणजे एका नळावर मिनिटाला तीन माणसं. मध्यंतर पंधरा मिनिटांचं, म्हणजे एका नळावर पंचेचाळीस. वीस हजारांतला दर दहावा माणूस मध्यंतरात उठला तरी दोन हजार होतात, त्यांना पंचेचाळीस नळ हवेत. चार कोपऱ्यांत चार टाक्या ठेवून भागत नाही. लोक रांग बघतात, परत जागेवर जातात, आणि तहान मारतात.

म्हणून पाणपोया पसरून ठेवा, गॅलरीच्या मागच्या वाटेवर आणि सावलीत. नळ एका लांब पाइपावर ओळीनं काढा. टाकी उन्हात राहिली तर पाणी कोमट होतं आणि कोमट पाणी लोक कमी पितात, तिच्यावर ओलं गोणपाट टाका. पाठीवर टाकी घेऊन ओळींतून फिरणारे चार स्वयंसेवक दहा नळांचं काम करतात, कारण ज्याला उठवत नाही त्याच्यापर्यंत ते पोचतात.

पायरी ७: वारा आणि फवारे

इथं खर्च सर्वांत जास्त होतो आणि हुशारी सर्वांत कमी दिसते.

पंखा हवा गार करत नाही, घाम वाळवतो. कातडीचं तापमान साधारण ३५ अंश असतं. हवा त्याहून गरम झाली की पंखा गरम हवाच अंगावर मारतो, फक्त घाम वाळण्याचा फायदा ४० अंशांपर्यंत तोट्याहून मोठा असतो. ४० अंशांच्या पुढं पंख्यावर भिस्त ठेवू नका. ज्यांना घाम कमी येतो अशा वयस्कर माणसांना तर पंख्याचा त्रासच होऊ शकतो. त्यांच्या अंगाला आधी पाणी लावा, मग पंखा.

फवाऱ्यांचं गणित दमटपणावर चालतं. एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता ओढून घेतं, म्हणून कोरड्या हवेत बारीक फवारा कमालीचा गारवा देतो. दमट हवेत तेच पाणी वाफ होत नाही, अंगावर बसतं आणि उकाडा वाढवतं. ओल्या फडक्याचं तापमान हीच फवाऱ्याची शेवटची मर्यादा, त्याखाली तो हवा नेऊ शकत नाही. हवा ३८ आणि ओलं फडकं २१ असेल तर फवारे लावा. हवा ३४ आणि फडकं २९ असेल तर ते पैसे कापडात घाला.

थेंब जितका बारीक तितका तो हवेतच विरतो. उच्च दाबाचे पंप थेंब इतके बारीक करतात की कपडे भिजत नाहीत. नळाच्या दाबावर चालणारे फवारे अंग ओलं करतात, तेही चालतं, पण मग ते पायऱ्यांवर लावू नका, घसरायला होतं. वाटेच्या कडेला, सावलीत, खडबडीत जमिनीवर लावा आणि ज्याला भिजायचं आहे त्यालाच भिजू द्या. एक इशारा मात्र गंभीर आहे: पाइपात कोमट पाणी दिवसेंदिवस साचून राहिलं तर त्यात लिजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात आणि बारीक तुषारांतून थेट फुप्फुसात जातात. पाणी पिण्याच्या दर्जाचं आणि क्लोरीन घातलेलं हवं. सामन्याआधी पाइप वाहते करून जुनं पाणी काढून टाका, सामन्यानंतर ते पूर्ण रिकामे करा.

मैदानभर थंड हवा सोडणं बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचं आहे, पण कतारच्या मैदानांतली एक युक्ती घेण्यासारखी आहे. तिथं गार हवा खुर्च्यांपाशी, खालून सोडतात. गार हवा जड असल्यामुळे ती माणसांजवळ रेंगाळते, आणि गॅलरीचा व छपराचा आकार बाहेरच्या वाऱ्याला आत घुसून ती ढवळू देत नाही. कुलर असतील तर तेही उंच खांबावर टांगू नका, बसलेल्यांच्या उंचीला लावा.

खुर्च्यांबद्दल थोडंच: गडद रंगाची प्लॅस्टिकची किंवा धातूची बैठक उन्हात चटका देते. नवी घेत असाल तर फिकट रंग घ्या. जुन्यांवर दारं उघडण्याआधी पाण्याचा शिडकावा करा आणि आत येताना बसायला जाड पुठ्ठे वाटा. तोच पुठ्ठा नंतर वारा घ्यायला येतो.

पायरी ८: कुणी कोसळलं तर

प्रत्येक गॅलरीमागे एक गार जागा हवी: बंद खोली, नाहीतर दाट सावलीतला मांडव, पंखे, बर्फाच्या पेट्या, ओले टॉवेल, जलसंजीवनी. एकच मोठी खोली लांब कोपऱ्यात ठेवण्यापेक्षा चार लहान जागा जवळ ठेवा.

स्वयंसेवकांना फरक एवढाच शिकवा. माणूस घामाघूम आहे, डोकं दुखतंय, मळमळतंय, पण नाव-गाव नीट सांगतोय: त्याला सावलीत आडवा करा, पाय उंच ठेवा, कपडे सैल करा, घोटघोट पाणी द्या. पण तो असंबद्ध बोलतोय, अडखळतोय, चिडतोय, झटके येतायत किंवा शुद्ध हरपलीय: हा उष्माघात समजा. घाम येत असला तरीही. शरीराचं आतलं तापमान ४० अंशांच्या वर गेलेलं असू शकतं, आणि इथं प्रत्येक मिनिट मोलाचं असतं. रुग्णवाहिका बोलवा, पण ती येईपर्यंत हातावर हात धरून बसू नका. आधी गार करा, मग हलवा. जाड ताडपत्री चार जणांनी कडा उचलून धरायची, माणसाला तिच्या खोलगटात ठेवायचं, वरून बर्फाचं पाणी ओतून ते हलवत राहायचं, डोकं वर धरायचं. टब असेल तर उत्तमच. नाहीतर बर्फाच्या पाण्यात बुडवलेले टॉवेल सगळ्या अंगावर, दर मिनिटा-दोन मिनिटांनी बदलून. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं.

ताडपत्रीचा हा प्रकार आदल्या दिवशी एका धडधाकट स्वयंसेवकावर करून पाहा. आमच्याकडे पहिल्यांदा केला तेव्हा चौघांपैकी एकाच्या हातून कड सुटली आणि पाणी सगळ्यांच्या बुटांत गेलं. हसू आलं, पण ते आदल्या दिवशी आलं हे बरं झालं.

पायरी ९: सामन्याचा दिवस

दर अर्ध्या तासाला एक माणूस यंत्र घेऊन ठरलेल्या चार जागी जाईल आणि आकडा फळ्यावर लिहील. त्याला दुसरं काम देऊ नका. दर गॅलरीला एक जण कापडावर आणि दोरांवर लक्ष ठेवेल. ध्वनिक्षेपकावरची सूचना नेमकी हवी. ‘उन्हापासून काळजी घ्या’ यानं काही होत नाही. ‘पूर्व गॅलरीतल्या खालच्या पाच ओळींसाठी उत्तरेच्या गॅलरीत जागा मोकळ्या आहेत, डाव्या जिन्यानं या’ असं म्हटलं की लोक उठतात. उठलेल्यांना परत आपल्या जागेवर जाता येईल हेही सांगा, नाहीतर चांगली जागा जाईल या भीतीनं लोक उन्हात चिकटून बसतात. टोपी चालेल, पण छत्री उघडू देऊ नका. मागच्याचा सामना बुडतो आणि भांडणं होतात.

आमच्या त्या पूर्वेच्या गॅलरीचं पुढच्या वर्षी काय केलं ते सांगतो. कापड तेच ठेवलं. मैदानाच्या बाजूला खांबांची एक नवी ओळ घेऊन ते चार मीटर पुढं काढलं, पुढची कड उतरती केली आणि सामना पाचला ठेवला. खालच्या दोन ओळी तरीही उन्हातच राहिल्या, त्या आम्ही दोरी बांधून बंद केल्या. मोटारसायकली उन्हात होत्या. सामना सुटल्यावर दोन मालकांनी येऊन तक्रारही केली.

सामना संपला की पाइप रिकामे करा, टाक्या उलट्या करा, आणि कापड ओलं असेल तर घडी घालू नका, पसरून वाळू द्या. पायऱ्यांवरचे खडूचे आकडे पुसण्याआधी त्यांचा फोटो काढा आणि त्याखाली लिहा, कुठली ओळ किती वाजता रिकामी झाली.